आग लागल्यावर आपण कुठल्या दाराकडे धावतो?

आगीच्या वेळी माणसं इमारतीबाहेर कशी पडतील हे दाखवणारं सॉफ्टवेअर मी पहिल्यांदा चालवलं, तेव्हा प्रत्येक ठिपका जवळच्या दाराकडे निघाला. माणूस तसा वागत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नाइटक्लबला आग लागली. दुसरी दारं असूनही बरेचजण आत आले त्याच मुख्य दाराकडे धावले. तिथे चेंगराचेंगरी झाली. त्या आगीत १०० जणांचा जीव गेला. म्हणून ठिपक्यांना तीन सवयी शिकवाव्या लागतात: घंटा ऐकूनही रेंगाळणं, सोबतच्यांना शोधणं, ओळखीच्या दाराकडे वळणं. आपल्या सभागृहाचं मागचं दार तुम्ही कधी वापरलंय? पुढच्या कार्यक्रमानंतर तिथूनच बाहेर पडूया. म्हणजे तेही ओळखीचं होईल.