साहेबांचे डोंगल परत कर

मिरज

चि. बाळूस,


काल बापूंचे जावई येऊन गेले. चहा घेताना कौतुकानं म्हणाले, "भाच्याचं वजन आहे हो तुमच्या. तीन-तीन साहेबांचे डोंगल त्याच्या खणात, पिन तोंडपाठ. बिलं तोच पुढं सरकवतो." हे ऐकल्यापासून मला झोप नाही. ताईला काही कळवलेलं नाही.

अरे, डोंगल म्हणजे साहेबांची डिजिटल सही. २००० सालच्या आयटी कायद्यानं तिला शाईच्या सहीचाच दर्जा दिलाय. ती स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी साहेबांची, हेही तिथंच लिहिलंय. पण दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड लबाडीनं वापरला तर कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. "मी कसली लबाडी केली, साहेबांनीच सांगितलं," असं म्हणशील. कुठं सांगितलं? तोंडी ना?

तू बसतोस सरकारी इमारतीत आणि पगार देते एजन्सी. चौकशी लागली की ऑफिस म्हणेल, तो एजन्सीचा पोरगा. एजन्सी म्हणेल, सह्या करणं आमच्या कामात नव्हतंच. आणि ते खरं असेल. आस्थापनेत असताना अशा करारांच्या फायली मी चालवल्यात. प्रिंटर, नेटवर्क, अँटिव्हायरस, कॉल किती तासांत सोडवायचा, उशीर झाला तर बिलातून किती कापायचं, एवढंच त्यात असतं. निविदा कमी दरवाल्याला जाते आणि तो कमी दर शेवटी तुम्हा पोरांच्या पगारातून निघतो. मुदत संपली की एजन्सी बदलते, पोरं तीच राहतात, गळ्यातलं ओळखपत्र तेवढं नवं.

साहेब खूश झाले की कायम करतील, अशी आशा कुणी लावली असेल तर सोड. रीतसर भरतीतून न आलेल्याला कंत्राटावर काढलेल्या वर्षांमुळं कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच उमादेवी खटल्यात सांगितलंय. मग कुणासाठी त्या पिना पाठ करतोस?

आमच्या वेळी साहेबांच्या सहीचा रबरी शिक्का असे. आवक-जावकला एक रोजंदारीवरचा मुलगा होता, तुझ्याच वयाचा. शिक्का त्याच्याकडे ठेवून साहेब दौऱ्यावर जात. एका मंजुरीवरून गडबड झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा दिसला नाही. शिक्का त्याच्या हातात कुणी दिला, हे शाखेत सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तेव्हा माझी बढती तोंडावर होती, मी मान खाली घालून बसलो. त्याची आई जिन्यात भेटली होती. तिला काय बोललो, ते लिहवत नाही.

म्हणून सांगतो, डोंगल परत कर. भांडून नको. "सर, एजन्सीकडून सक्त सूचना आलीय," म्हण आणि साहेबांना पिन त्यांच्या हातानं बदलायला लाव. ती कशी बदलायची ते शिकवणं हे मात्र तुझं काम, ते आनंदानं कर. एरवीही फोनवरून हाक आली तरी आधी कॉल लॉग करायचा, मग खुर्चीतून उठायचं. केलेलं काम कुठंतरी नोंदलेलं पाहिजे. पीएफचं पासबुकही उघडून बघ. पगारातून कापलेले बारा टक्के आणि एजन्सीचा वाटा दर महिन्याला जमा होतोय का?

फार रागावलो का? तू मनानं भिडस्त, कुणाला नाही म्हणवत नाही, भाऊजी तसेच होते. साहेबलोकांना मशीनची भीती वाटते आणि तू मदतीला धावतोस, यात वाईट काहीच नाही. ताईच्या औषधांचे पैसे दर महिन्याला पाठवतोस, तेही मला माहीत आहे. मेसचं जमत नसेल तर सांग, मामी चटण्या, लाडू पाठवेल. आणि हे काम सोडावंसं वाटलं तर भाड्याची काळजी करू नकोस, इथं माडीवरची खोली रिकामीच आहे.

डोंगल परत केलेस की त्याच दिवशी मला फोन कर, रात्री कितीही वाजलेले असोत.

तुझा,
मामा