गॉगल तोंडावरून नको, कामावरून घ्या

नेकनूरच्या आठवडी बाजारात गॉगलवाल्याजवळ थोडा वेळ उभं राहून बघा. जनावरं बघून आलेला शेतकरी असो की कॉलेजचं पोरगं, दोघांचा सवाल एकच : "ह्याच्याहून काळा नाही का?" काच जेवढी काळी तेवढी डोळ्याला चांगली, हे आपल्याकडं पक्कं डोक्यात बसलंय. माझं इथंच चष्म्याचं दुकान आहे. नंबरचे चष्मे आणि गॉगल दोन्ही विकतो. काळ्या काचेपायी झालेले घोटाळे घरात आणि गिऱ्हाइकांत इतके बघितलेत, की गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी मूळ गोष्ट. उन्हात डोळ्याला दोन वेगळे त्रास असतात. एक उजेडाचा, तो जाणवतो. दुसरा अतिनील किरणांचा, तो त्या वेळी जाणवत नाही. काचेचा रंग फक्त उजेड कमी करतो. अतिनील किरण अडवणं हा काचेच्या मालाचा किंवा तिच्यावरच्या थराचा गुण आहे, आणि त्याला रंग नसतो. म्हणून पॉलिकार्बोनेट या टणक प्लॅस्टिकची पांढरी, म्हणजे बिनरंगाची काच बहुतेक अतिनील किरण अडवते. आणि नुसता रंग दिलेली हलक्या प्रतीची काळी काच ते आत सोडू शकते. वर काळोखामुळं डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणजे दार आणखी उघडतं. हे ऊन वर्षानुवर्षं साठत जातं. मोतीबिंदूला त्याचा हातभार लागतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांसाचा पडदा चढू लागतो. जन्मभर रानात राबलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत तो नीट बघितला तर दिसतो. घेताना 'यूव्ही ४००' बघायचं ते यासाठी : ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, असा त्याचा अर्थ.

काळेपणालाही नंबर असतो, ० ते ४. शून्याची काच जवळपास पांढरी. २ नंबरची १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडते, ३ नंबरची ८ ते १८ टक्के. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारला ही ३ नंबरची पुरते. ४ नंबरची काच फक्त ३ ते ८ टक्के उजेड सोडते. ती बर्फाच्या डोंगरावर चढणाऱ्यांसाठी आहे आणि ती घालून गाडी चालवायची नसते. चांगल्या कंपन्या हा नंबर काडीच्या आतल्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर छापतात. बाजारातल्या "एकदम काळ्या"वर बहुतेक वेळा काहीच छापलेलं नसतं.

आता आकार. गॉगलचे काही जुने नावाजलेले आकार कुठल्या ना कुठल्या गरजेतून आले. आपण ते सिनेमा बघून घेतो, इथं घोळ होतो.

'दबंग' २०१० साली आला आणि शर्टाच्या कॉलरला मागं अडकवलेला गॉगल गावोगाव झाला. तो एव्हिएटर. आपले लोक त्याला पोलिसवाला गॉगल म्हणतात. तो निघाला वैमानिकांसाठी. अमेरिकेच्या बॉश अँड लॉम्ब कंपनीनं १९३० च्या दशकात तो तयार केला, १९३७ मध्ये पेटंट घेतलं. पातळ तारेची फ्रेम, थेंबासारखी खाली उतरलेली मोठी काच. वैमानिकानं नजर खाली यंत्रांकडं वळवली तरी डोळा काचेआडच राहावा, हा हेतू. चारचाकीत, एसटीत, उन्हात उभं राहून ड्यूटी करताना हा आकार उत्तम. मोटारसायकलवर मात्र त्याच्या बाजूच्या फटींतून वारा आणि धूळ सरळ डोळ्यात येते.

वेफेअरर १९५२ चा, रेमंड स्टेगमन यांनी काढलेला. तारेऐवजी जाड प्लॅस्टिक, रुंद काड्या. पायी फिरायला, लग्नकार्याला, बाजाराला छान. पण त्याच रुंद काड्या गाडीवर बाजूनं येणारं वाहन झाकतात आणि हेल्मेटमध्ये कानावर रुततात. क्लबमास्टर, कॅट-आय आणि छोटा गोल हे आकार मुख्यतः दिसण्यासाठी. खुशाल घ्या, पण भर उन्हातल्या कामाला नको. लहान काचेच्या कडेनं ऊन आत शिरतंच.

राहिला रॅपअराउंड, कानापर्यंत वळलेला. १९८० च्या दशकात सायकलपटूंनी आणि खेळाडूंनी तो उचलला. आपल्या भागातल्या धुळीला आणि कामाला तोच सगळ्यात सोयीचा. तरी त्यातही काच कोणती घालायची हा प्रश्न राहतोच. तो किती महागात पडतो, ते घरातच बघितलं.

ऊसतोडीचा हंगाम होता. केजहून मी आणि माझा मावसभाऊ मोटारसायकलवर नेकनूरला निघालो. संध्याकाळी या रस्त्यानं येताना सूर्य समोर असतो. गाडी भावाकडं, त्याच्या डोळ्यावर बाजारातला काळाकुट्ट एव्हिएटर. मी मागं बसलो होतो, उघड्या डोळ्यांनी. सूर्य बुडाला, पण त्यानं गॉगल काढला नाही. कारणही खोटं नव्हतं : काढला की चिलटं आणि धूळ डोळ्यात जायची. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वाढ्यांचे शेंडे बाहेर लोंबत होते. मला ती दिसली, त्याला दिसली नाही. मी ओरडलो, त्यानं गाडी डावीकडं दाबली आणि आम्ही चारीत गेलो. हाडं वाचली. पण गॉगलची काच खरी काच होती. तिची एक चकती निसटून फुटली आणि तुकडा भुवईत घुसला. टाके पडले. बोटभर खाली आला असता तर डोळा गेला असता.

तेव्हापासून दुचाकीवाल्याला मी दोन गॉगल सांगतो. दिवसाला २ किंवा ३ नंबरचा करडा नाहीतर तपकिरी, आणि दिवस मावळल्यावर पूर्ण पांढरा. दोन्ही पॉलिकार्बोनेटचे, कारण ते आघात सोसतं, त्याचे खऱ्या काचेसारखे अणकुचीदार तुकडे होत नाहीत. रात्रीसाठी म्हणून पिवळा चष्मा विकतात, तो घेऊ नका. कुठलाही रंग रात्री उजेड कमीच करतो. उन्हात आपोआप काळी होणारी काच चांगली, पण ती अतिनील किरणांवर चालते. जीपच्या पुढच्या काचेतच ते बरेच अडत असल्यानं गाडीत ती फारशी काळी होत नाही.

याहून मोठी गोष्ट ऊसतोड मजुरांची. एक मुकादम दिवाळीच्या आधी दुकानात आला. मागच्या हंगामात त्याच्या टोळीतल्या एका बाईच्या डोळ्याला पाचट लागलं होतं. कुणी मध घालायला सांगितला, मग कुणीतरी मेडिकलातून थेंब आणले, आणि महिनाभरानं बुबुळावर फूल पडलं. म्हणून त्याला साऱ्या टोळीसाठी गॉगल हवे होते. म्हणाला, "चांगले काळे द्या." मी विचारलं, "फडात कितीला उतरता?" म्हणाला, "पहाटं चारला." "मग काळी काच घालून ऊस दिसंल का?" तो हसला. त्यानं पांढरे रॅपअराउंड नेले, वर वायुविजनाच्या बारीक फटी असलेले, म्हणजे घामानं वाफ धरत नाही. मोळी डोक्यावर घेताना पानाची कड डोळ्याशी येते, तिथं बिनरंगी आडोसाच कामाचा. दुपारी ऊन चढलं तरी त्यातून अतिनील अडतंच.

आणि पाचट, भुसा, काटा डोळ्याला लागलाच, तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा. मध, दूध, एरंडेल काही घालू नका. झाडपाल्याच्या जखमेतून बुरशी बुबुळात शिरते, आणि स्टिरॉइडचे थेंब तिला बळ देतात. त्यामुळं आपल्या मनानं थेंब आणायचे नाहीत. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते त्याच दिवशी गाठायचं.

नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हूक जोडून देणारे वेल्डिंगवाले कितीतरी वेळा साध्या गॉगलवर भागवतात. आर्क वेल्डिंगला साधारण १० ते १३ नंबरची वेल्डिंगची काच लागते. हे नंबर गॉगलच्या ० ते ४ पेक्षा वेगळे. गॉगल घालून वेल्डिंग केलं, की काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं आणि पाण्याच्या धारा लागतात. सूर्यग्रहणाचंही तसंच. २ ऑगस्ट २०२७ ला, ढग नसले तर, महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल. कितीही काळा गॉगल त्याला चालत नाही, दोन एकावर एक घातले तरी नाही. आयएसओ १२३१२-२ लिहिलेला ग्रहणाचा चष्माच हवा.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी तपासा. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि हळूहळू हलवा. चौकट वाकडी होत असेल तर काचेत दोष आहे, दिवसभरात डोकं धरणार. 'पोलराइज्ड' म्हणून जास्त पैसे मागत असतील, तर मोबाइलचा पडदा त्यातून बघत गॉगल फिरवा. एका कोनात पडदा काळवंडला तरच तो पोलराइज्ड. रस्त्यावरची, पाण्यावरची चकाकी तो खरोखर मारतो, पण नुसत्या उन्हाला त्याची गरज नाही. आणि दुकानात अतिनील तपासायचं छोटं यंत्र असेल, तर ते आपल्यासमोर लावून दाखवायला सांगा. जत्रेतले खेळण्यातले गॉगल मुलांना फोटोपुरते द्या, उन्हात हिंडायला नको.

दुकानात गेल्यावर आधी आपलं काम सांगा : पहाटे फडात असतो, की दुपारी मोटारसायकलवर, की वेल्डिंगपाशी. ते ऐकून न घेता जो थेट आरसा पुढं करील, त्याच्याकडून गॉगल घेऊ नका.