आरतीआधी गोळी, आरतीनंतर जेवण

प्रश्न : आम्ही माजिवडा गावात राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. गणपतीत त्या घरोघरी आरतीला जातात आणि प्रसादाला नाही म्हणत नाहीत. म्हणतात, "गुळाचाच तर मोदक आहे, त्याने काही होत नाही." खरंच गूळ चालतो का?
– एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर : गुळानेही साखर वाढतेच. गूळ उसाचाच, त्यात बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच. लोह आणि खनिजं थोडी जास्त असतात, पण मोदकातल्या चमचाभर गुळातून ती मिळून मिळणार किती! शिवाय मोदकाची पारी तांदळाच्या पिठीची, त्यामुळे मोदक भाताच्या हिशेबातही धरायला हवा. सासूबाईंनी मोदक जरूर खावा, पण त्या जेवणात भाताला सुट्टी द्यावी. 'शुगर-फ्री' मोदकाची पारीही तांदळाचीच, तेव्हा तोही मोजून.

पानातली कोशिंबीर, भाजी, उसळ आधी संपवावी आणि मोदक शेवटी घ्यावा. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे न्यूयॉर्कच्या वाईल कॉर्नेल मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली मधुमेहींच्या एका छोट्या अभ्यासात दाखवलं होतं.

मला मात्र मोदकापेक्षा आरतीच्या वेळेची जास्त धास्ती वाटते. सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन पाहा. त्यावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड लिहिलंय का? या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, याची वाट पाहत नाहीत. रोजच्या सवयीने आठला गोळी घेतली, मग चार घरच्या आरत्या, प्रत्येक ठिकाणी मंत्रपुष्पांजलीपर्यंत उभं राहणं, आणि पान वाढलं जातं दहाला. मधल्या वेळात साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड सुरू होते आणि आपण म्हणतो, गर्दी आहे, धुपाचा धूर आहे, उकडतंय. म्हणून त्या दिवसांत अशी गोळी पान वाढल्यावरच घ्यावी. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. इन्सुलिन चालू असेल तर वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. हरतालिकेचा उपवासही त्यांना विचारूनच.

अशी लक्षणं दिसली आणि त्या शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. अशा वेळी मोदक किंवा पेढा पुढे करू नका. खोबरं, तूप, खवा यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट इस्पितळ गाठा.

शेजारच्या घरचा शिरा हातावर घ्यावा, एक घास खावा, बाकीचा नातवंडांना द्यावा. ऋषिपंचमीची भाजी मात्र पोटभर खाऊ द्या, त्यातली कणसं आणि सुरण तेवढे बेताने. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात चालावं. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून पाहा. १८०च्या वर आकडा रोजच दिसू लागला, तर विसर्जनाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.