घरच्या टाकीत प्रवाळ : वाढवावे कसे, विकावे काय?

शिवडी, परळ, लालबाग या भागांतील गिरण्या बंद पडल्यापासून घरबसल्या जोडधंदा शोधणारे तरुण पुष्कळ आहेत. शोभेच्या माशांचा धंदा त्यांना नवा नाही. आता त्याच धंद्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या आणि जिवंत प्रवाळे आली आहेत. एका तुकड्याचे चार होतात आणि चारही वाढतात, हे ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. आम्ही कापडवाले. आमच्या ताग्यातून मीटरभर कापले की तागा तेवढा कमी होतो. इथे कापल्याने माल वाढतो. पण हा माल जिवंत आहे, आणि त्यातील बऱ्याच मालाला कायद्याची बंदी आहे. म्हणून भांडवल घालण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

आधी कायदा

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. 2001 साली त्याच्या पहिल्या परिशिष्टात सर्व कठीण, म्हणजे खडक बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे. गुन्हा शाबीत झाल्यास किमान 3 ते कमाल 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. हा कायदा मेलेल्या प्रवाळालाही लागू आहे. म्हणून टाकीत प्रवाळाचा सांगाडा दगड म्हणून ठेवू नये. भाजलेल्या मातीचे तयार दगड वापरावेत.

कोस्टल रोडच्या कामात हाजी अली व वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या 18 वसाहती आढळल्या. त्या हलवण्यासाठी खुद्द महापालिकेला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली आणि 2020 साली शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या दुसरीकडे नेण्यात आल्या. यावरून सामान्य माणसाने काय तो बोध घ्यावा. दुकानात दिसते म्हणजे चालते, असा हिशेब करू नये.

मग उरते काय? मऊ जातीची प्रवाळे व त्यांचे भाऊबंद. मशरूम, झोअँथिड, लेदर आणि झेनिया ही नावे बाजारात चालतात. नवख्या माणसाला हीच सोपी पडतात. समुद्रातून काढलेला माल घेऊ नये. दुसऱ्याच्या टाकीत वाढलेला तुकडा घ्यावा आणि बिल मागावे. परदेशी माल असेल तर आयातीचे कागद पाहावेत.

टाकी आणि पाणी

सुरुवातीला 100 लिटरची एकच टाकी पुरे. पाणी, काच व दगड मिळून वजन सव्वाशे किलोच्या पुढे जाते. चाळीच्या लहान खोलीत ती भिंतीलगत, मजबूत स्टँडवर आणि उन्हापासून दूर ठेवावी.

शिवडीचा समुद्र दाराशी असला तरी ते पाणी टाकीत घालू नये. तिथे खाडीचा चिखल आहे, बंदराचे तेल आहे, शहराची घाण आहे. तो किनारा फ्लेमिंगोंचा. प्रवाळाला स्वच्छ पाणी लागते. आरओचे पाणी घेऊन त्यात प्रवाळासाठी मिळणारे खास मीठ दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम घालावे. म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो. मापयंत्रावर 1.025 घनता आली की पाणी बरोबर. जेवणातले मीठ चालत नाही.

पाणी भरले की लगेच माल आणू नये. घाणीतून अमोनिया होतो, त्याचे नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच पहिला तुकडा सोडावा. पुढे दर आठवड्याला 10 लिटर पाणी बदलावे.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि तेच त्याला अन्न पुरवते. म्हणून निळ्या-पांढऱ्या एलईडीचा उजेड रोज 8 ते 9 तास हवा. पाण्याची उष्णता 25 ते 27 अंश ठेवावी. मुंबईच्या मे महिन्यात हेच सर्वांत कठीण. पाणी 30 अंशांवर राहिले तर प्रवाळ ते शेवाळ टाकून देते, पांढरे पडते आणि उपाशी मरते. 1998 साली जगभरच्या समुद्रांत हेच घडले. पाण्यावर लहान पंखा लावला तर दोन-तीन अंश कमी होतात. पाणी आटते, मीठ मागे राहते. म्हणून भर घालताना गोडे आरओ पाणीच घालावे. वीज गेल्यास बॅटरीचा हवापंप तयार असावा.

तुकडे कसे करावेत

1) मशरूम : धारदार ब्लेडने तोंडाच्या मधोमध कापून दोन किंवा चार भाग करावेत. खडी असलेल्या वाटीत ठेवून वर जाळी बांधावी. दोन-तीन आठवड्यांत ते खडीला चिकटतात.

2) लेदर : छत्रीच्या कडेचा तुकडा कापून दगडाला सैल दोऱ्याने बांधावा. अंग बुळबुळीत असल्याने गोंद टिकत नाही.

3) झेनिया : शेजारी दगड ठेवावा. ते स्वतःच त्यावर सरकते. मग मधला दुवा कापावा.

4) झोअँथिड : दोन कळ्यांमधला पट्टा कापून जेल स्वरूपाच्या सुपरग्लूने दगडावर चिकटवावा.

शेवटच्या जातीबाबत कडक इशारा. तिच्यात पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असू शकते. हातमोजे व चष्म्याशिवाय हात लावू नये. तो दगड उकळू नये, कोरडा घासू नये. 2018 साली इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकी साफ करताना सुटलेल्या या विषाने घरातील माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्यांच्या खोलीत चूल, पाळणा आणि टाकी एकाच ठिकाणी आहे त्यांनी ही जात सोडून द्यावी.

धंद्याचा हिशेब

टाकी, दिवा व पंप हा खर्च एकदाच. मीठ, आरओ आणि विजेचे बिल दर महिन्याला. पहिला विकाऊ तुकडा हाती यायला चार-सहा महिने जातात. तेवढा काळ केवळ खर्चच लिहावा लागेल, म्हणून कर्ज काढून यात पडू नये. नोकरी सोडून तर मुळीच नको.

ताजा कापलेला तुकडा विकू नये. तो दगडाला धरून पूर्ण उघडला की दोन आठवडे थांबून मगच द्यावा. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानदाराला पहिल्या खेपेस चार तुकडे द्यावेत. ते त्याच्याकडे महिनाभर जगले तर पुढची मागणी आपोआप येते. मूळ झाड, म्हणजे पहिले प्रवाळ, कधीही विकू नये. तेच आपले भांडवल.

कोणी स्वस्तात कठीण प्रवाळ देऊ लागला तर हात जोडून नाही म्हणावे. चार पैशांच्या नफ्यासाठी घरातल्या कमावत्या मुलावर खटला येणे, हा सौदा कोणत्याही बाजारात तोट्याचाच आहे. एक टाकी, एक जात आणि एक वर्षाची सबुरी एवढ्यावर सुरुवात करावी.