नळातील घर्षण व गवारीचा डिंक

नळातून वेगाने जाणारे पाणी सरळ न वाहता भोवरे करीत जाते व पंपाची बरीच शक्ती त्यांतच खर्ची पडते. द्रवात लांब साखळीसारखे रेणू अल्प प्रमाणात विरघळविल्यास हे घर्षण घटते, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ टॉम्स यांनी १९४८ साली दाखविले. या साखळ्या प्रवाहात ताणल्या जाऊन भोवऱ्यांना आवर घालतात. आपल्या गवारीच्या बियांतील डिंकातही हा गुण आहे. संथ प्रवाहात मात्र त्याचा लाभ नाही. शिवाय पंपाच्या फिरत्या पात्यांत साखळ्या तुटतात, आणि पाण्याबरोबर डिंकही शेतात जातो. अलास्कातील लांब तेलवाहिनीस १९७९ साली अशा कृत्रिम रेणूंचा खर्च परवडला. विहिरीवर तो परवडणार नाही. ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस अडीच इंचीऐवजी तीन इंची नळ सुचवावा. तितक्याच पाण्यास घर्षण निम्म्याहून कमी होते.