पैसा द्यायचा, पण कुठे?

समजा तुमच्याकडे एक कोटी रुपये आहेत आणि ते समाजासाठीच खर्च करायचे आहेत. काय कराल? हॉस्टेलवर विचारलं तर उत्तरं पटापट येतील : पेशंटना औषधं, गरीब मुलांची फी, भुकेल्यांना जेवण. उत्तरं चांगलीच आहेत. पण पुढच्या वर्षी काय? पैसे संपलेले आणि गरज तशीच! मुंबईतल्या टाटा ट्रस्टांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहू या.

सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले आणि १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट सुरू झाला. त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, आपली जवळजवळ सगळी संपत्ती ट्रस्टला दिली. आज टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे ६६ टक्के शेअर्स टाटा ट्रस्टांकडे आहेत. शेअर्स तसेच राहतात, त्यांवर मिळणाऱ्या डिव्हिडंडमधून अनुदानं दिली जातात. म्हणजे आंबे वाटायचे, झाड तोडायचं नाही.

मग आंबे कुणाला? इथे ट्रस्टींची मनमानी चालत नाही. पहिलं बंधन ट्रस्ट-डीडचं. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये जो ट्रस्ट झाला, त्याचा मुख्य हेतू या रोगावरचं संशोधन हा आहे. तो पैसा उद्या कुणाला स्टेडियमसाठी देता येणार नाही. दुसरं बंधन कायद्याचं. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो आणि आयकरात सूट हवी असेल तर साधारणपणे ८५ टक्के उत्पन्न ठरलेल्या कामावर खर्च करावं लागतं.

दोराबजींच्या ट्रस्टचं डीड मात्र खूप मोकळं होतं : देश, धर्म, जागा असा भेद नाही. त्यामुळे निवड करणं जास्त अवघड. ट्रस्टींनी सुटी मदत केलीच, पण मोठा पैसा संस्था उभारण्यात घातला. १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली, तीच आजची 'टिस'. १९४१ मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल. १९४४ मध्ये होमी भाभांनी ट्रस्टला पत्र लिहिलं आणि १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली. हॉस्पिटल १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे गेलं, १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. गाडीचा स्टार्टर आठवा. इंजिन सुरू करून देतो आणि बाजूला होतो. आज भिवंडीचा पेशंट ठाण्याहून लोकल पकडून परळला पोचतो, त्यामागे हा निर्णय आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा कुणी अर्ज केला, 'यंत्रमाग कामगारांना मदत करा.' कुठलाही मोठा ट्रस्ट आधी विचारेल : कामगार किती? कापसाच्या धुळीने छातीचा त्रास किती जणांना आहे? तपासणी कोण करणार? आणि तीन वर्षांनी आमचं अनुदान थांबलं की खर्च कोण उचलणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कठीण, आणि बरेच अर्ज तिथेच अडकतात.

पण या पद्धतीत एक खोट आहे. ज्याला नीट प्रपोजल लिहिता येतं, आकडे मांडता येतात, तो आधी पोचतो. ज्याची गरज मोठी, त्याच्याकडे बहुतेक वेळा ना आकडे असतात ना इंग्रजी. बारा तास माग चालवणारा माणूस सर्व्हे कधी करणार?

आम्ही कॉन्व्हेंटवाले इंग्रजीचा तोरा मिरवतो, ग्राफ काढणं तर आपल्या सगळ्यांच्या सिलॅबसमध्येच आहे. एनएसएसच्या एखाद्या कॅम्पमध्ये मागांच्या एका गल्लीचा नीट सर्व्हे केला, कामगारांशी बोलून तो लिहून काढला आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या हातात दिला, तर त्यांचा अर्ज निदान वाचला तरी जाईल. आपल्याकडे कोटी रुपये नाहीत, पण एवढं देण्यासारखं नक्कीच आहे. बघा, पटतंय का!