मायक्रोवेव्ह ओव्हन, कोष्ण जल आणि आपली औषधे

डहाणू शहरात, घोलवड-बोर्डीकडील वाडीवाल्यांच्या घरांत आणि तलासरीतील शिक्षक व नोकरदारांच्या निवासस्थानी मायक्रोवेव्ह ओव्हन ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. त्यामुळे त्याविषयीचे प्रश्न वैद्याच्या दालनातही येतात. बहुतेक रुग्ण विचारतात, ‘यातील किरणांनी कर्करोग होतो का?’ परंतु ‘चूर्णासाठी पाणी यात तापवावे का?’ हे क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते खरा धोका या दुसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नात आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम किरणांविषयी. रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नलिकेवर काम करताना अमेरिकेतील रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांना १९४५ साली या लहरींचा तापविण्याचा गुण लक्षात आला व १९४७ मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला. घरगुती ओव्हनमधील लहरींची सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने होतात आणि त्यांच्यामुळे अन्नातील पाण्याचे रेणू आंदोलित होऊन उष्णता निर्माण होते. क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. अन्न किरणोत्सर्गी होत नाही आणि बटण बंद होताच लहरीही थांबतात. लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने दारातील बारीक छिद्रांच्या जाळीतून त्या बाहेर पडू शकत नाहीत. मात्र दार वाकडे झाले, बिजागरी सैल झाली वा कडेला चिकट थर साचला, तर हे संरक्षण उणे पडते. असा ओव्हन वापरू नये.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तलासरीच्या पाड्यांवर वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचा श्वास व कास आपण रोज पाहतो. त्या धुराविषयी मौन बाळगून मायक्रोवेव्हच्या लहरींवर व्याख्यान देणे आम्हाला प्रमाण सुटल्याचे लक्षण वाटते.

आता कोष्ण जल. त्रिफळा, हिंग्वाष्टक, अविपत्तिकर यांपैकी कोणतेही चूर्ण देताना ‘कोमट पाण्याबरोबर’ असे आपण सहज सांगतो. रुग्ण गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ते ओव्हनमध्ये दोन-तीन मिनिटे ठेवतो. चुलीवरील पातेल्यात तळाशी बुडबुडे उठतात व पाणी उकळल्याचे दिसते. स्वच्छ, गुळगुळीत पेल्यात मात्र बुडबुडा धरण्यास जागाच नसते. पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही शांत राहते. रुग्ण पेला बाहेर काढून त्यात चमचाभर चूर्ण टाकतो. चूर्णाचा प्रत्येक कण बुडबुड्याचे बीज ठरतो, क्षणार्धात पाणी उसळते आणि हात, मुख, नेत्र भाजतात. आधी एकदा तापवून निवलेले पाणी पुन्हा तापविल्यास हा धोका अधिक, कारण त्यात विरघळलेली हवा कमी झालेली असते. सुमारे ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये पेलाभर पाणी कोमट होण्यास साधारण अर्धे मिनिट पुरते. उकळी आणण्याचे कारणच नाही. पाणी अधिक तापले असल्यास पेला मिनिटभर आतच राहू द्यावा, मग लांब लाकडी चमच्याने ढवळावे, आणि चूर्ण पाण्यात न टाकता मुखात घेऊन वर पाणी प्यावे. औषधचिठ्ठीवर आम्ही आता ‘कोमट’ या शब्दापुढे ‘उकळते नव्हे’ असे लिहितो.

तेलाची गोष्ट वेगळी. पाणी उकळू लागले की त्याचे तापमान सहसा १०० अंशांजवळ स्थिरावते, तेलाला असा थांबा नाही. ते किती तापले हे डोळ्यांना कळत नाही. अभ्यंगासाठी वाटीभर तेल असो वा कर्णपूरणासाठी चमचाभर, ओव्हनमध्ये त्याचे तापणे बेभरवशाचे असते आणि अल्प मात्रेत तर अधिकच. कानात घालावयाच्या तेलाबाबत हा जुगार कोणी खेळू नये. तेलात पाण्याचा थेंब असल्यास ते उडते. बाटलीच आत ठेवली तर बूच घट्ट असल्यास ती फुटते आणि बुचाखालच्या अॅल्युमिनियमच्या पातळ सीलवर ठिणग्या उडतात. तेल व घृत कोमट करण्यास गरम पाण्यात ठेवलेली वाटी हाच उपाय.

क्वाथाला शार्ङ्गधराने मंद आच सांगितली आहे. बहुतेक ओव्हनमधील ‘मंद’ म्हणजे पूर्ण शक्तीची लहर थांबून थांबून सोडणे होय, अखंड मृदू अग्नी नव्हे. त्यात काढा उतू जातो, आटत नाही. आसव-अरिष्टे तापवूच नयेत. मधाचे तर विचारूच नका. चरकाचा उष्ण मधाचा निषेध सर्वश्रुत आहे. थंडीत मध साखरेसारखा गोठला तर ती भेसळ नव्हे, हे विक्रेत्यानेच ग्राहकास सांगितले की बाटली ओव्हनमध्ये जाण्याचे टळते.

काही वैद्यबांधव या ओव्हनमधील अन्न निःसत्त्व म्हणतात. त्यास आधार आम्हाला आढळला नाही. थोडे पाणी व अल्प वेळ यांमुळे भाजीतील क जीवनसत्त्व कित्येकदा अधिकच टिकते. अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात पुन्हा उष्ण केलेले अन्न त्याज्य म्हटले आहे, पण तो निषेध चुलीवर तापविलेल्या अन्नासही तितकाच लागू आहे. आपल्या दमट किनाऱ्यावर रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जंतू वाढतो. त्याचे वांती करविणारे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. असा भात टाकून द्यावा. शीतकपाटातील अन्न तापवायचेच असेल तर झाकण किंचित उघडे ठेवून, मध्ये एकदा ढवळून, सर्वत्र वाफाळेपर्यंत, म्हणजे किमान ७४ अंशांपर्यंत तापवावे. लहरी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच नीट पोहोचतात, मध्यभाग थंड राहतो. अर्भकाचे दूध मात्र यात कधीही तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि आतले दूध जीभ भाजण्याइतके तापलेले असते.

औषधविक्रेत्यांस विशेष सांगणे आहे. पावसाळ्यात दमट झालेले चूर्ण वा वनौषधी ओव्हनमध्ये सुकविण्याचा मोह होतो. कोरड्या द्रव्यात पाणी अल्प व असमान असते. जेथे ते आहे तेथेच उष्णता साचते, सुगंधी तैलांश उडून जातो आणि आतून जळते. घोलवडच्या चिकूच्या चकत्या घरी अशा सुकवू पाहणाऱ्यांनाही बाहेरून मऊ व आतून कोळसा असे फळ मिळते, कारण त्यातील शर्करा करपते. वाळू वा मीठ भरलेली शेकपोटळीही यात तापवू नये, कापड पेट घेते.

समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा लवकर गंजतो, म्हणून ओव्हनची आतील बाजू वरचेवर पाहावी. तीन पिनांचे, भूसंपर्क असलेले सॉकेटच वापरावे. दुरुस्ती घरी करू नये. प्लग काढल्यानंतरही आतील संधारित्रात प्राणघातक विद्युत्भार राहू शकतो.

तैलाच्या बाटलीवर ‘बाह्योपयोगार्थ’ या शब्दाखाली पुढील ओळ छापण्यास फारशी जागा लागणार नाही: ‘वाटीत काढून, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवू नये.’